उत्तरासाठी मांडलेला पाट

"हा प्रश्न कुणाचा?" विश्रामराव पेंढारकरांनी विचारलं.

स्टेशनसमोरच्या खानावळीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी आदल्या आठवड्यात त्यांच्यासाठी काढलेल्या प्रश्नांचा कागद त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला होता. एका हातानं भाकरी मोडत ते वाचत होते आणि शेवटच्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं होतं.

"माझाच. सगळेच माझे आहेत."

"नाही. बाकीचे तुमचे आहेत. त्यांना राग आहे, संदर्भ आहेत, एकदोन ठिकाणी उगाच विद्वत्ता आहे. हा मात्र गुळगुळीत आहे." त्यांनी तो पुटपुटत वाचला. "'पन्नास वर्षांच्या या वाटचालीत असा एखादा क्षण आहे का, जो आजही आपल्याला झोपू देत नाही?' वैजयंतीबाई, हा प्रश्न नाही. हा उत्तरासाठी मांडलेला पाट आहे. बाजूला रांगोळीसुद्धा दिसते मला. कोण बसणार आहे त्याच्यावर?"

मी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. ते थांबले. या थांबण्याबद्दल मी ऐकून होते, अनुभव तेव्हा पहिल्यांदा घेतला. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून ते उजवा कान समोरच्याकडे करून किंचित झुकत. महाराष्ट्रातल्या निम्म्या उद्योगपतींचा समज असा होता, की हा माणूस आपल्यापुढे नम्र होतो आहे. त्या समजुतीत त्यांनी आपल्या बायकांना न सांगितलेल्या गोष्टी या माणसाला सांगितल्या होत्या. भाकरी संपली, ताक आलं, आणि मी बोलून गेले.

"भूपालरावांचा आहे. त्यांनाच तो हवा आहे."

भूपाल अकिवाटे म्हणजे आमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या सर्वांत जुन्या फाउंड्रीचे मालक. उसाच्या चरकाच्या चाकांपासून सुरुवात करून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपर्यंत पोहोचलेले. कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांची प्रकट मुलाखत विश्रामराव घेणार होते आणि एक ग्रंथही निघायचा होता. ग्रंथ माझ्याकडे होता. आर्थिक इतिहास शिकवण्यात मी आयुष्य घालवलं होतं. उद्योगपतींची गौरवचरित्रं हा मराठीतला खंडकाव्यापेक्षाही अधिक अलंकारिक प्रकार आहे, असं मी वर्गात सांगत असे. निवृत्तीनंतर मला असंच एक चरित्र लिहायला बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. आतून पाहू, असं स्वतःला समजावलं. आतून पाहायला जाणारे लोक बहुधा आतच राहतात, हेही मी वर्गात सांगत असे.

वर्षभर मी भूपालरावांशी बोलत होते. एका दुपारी, टेप बंद केल्यावर, त्यांनी निळकंठ हुपरीकरांचं नाव काढलं. हुपरीकर भट्टीखात्याचे प्रमुख होते. वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत ज्या भांड्यातून नेतात त्याला लॅडल म्हणतात. त्याला आतून मातीचं अस्तर असतं आणि ते जाळावर खडखडीत वाळवावं लागतं. त्यात ओल राहिली तर लोखंड पडताक्षणी वाफ होते आणि तो रस भांड्यात थांबत नाही. एके सकाळी तसं झालं. हुपरीकर गेले, आणि त्यांच्यामागे उभा असलेला महिपती नावाचा मदतनीसही गेला. कामगार बिथरले. संप होणार असं दिसलं. मग मालक स्वतः फाटकावर उभे राहिले आणि त्या दिवशी तिन्ही पाळ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना, त्यांनी सांगितलं, की हुपरीकरांनी लॅडल न तपासता ओतलं. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण महिपतीच्या आईला आपल्याला तोंड दाखवायचं आहे. संप झाला नाही. चौकशीतही तेच लिहिलं गेलं. मालकांच्या प्रांजळपणाची आठवण लोक पुढे बरीच वर्षं काढत.

"खरं तसं नव्हतं मॅडम," भूपालराव त्या दुपारी म्हणाले होते. "ते मला सांगायला आले होते. माल न्यायला ट्रक फाटकात उभा होता. मीच ओता म्हणालो."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं इतिहास शिकवून एक खरं वाक्य असं हातात पडावं, याचा मला झालेला आनंद आज आठवला तरी हात धुवावेसे वाटतात. मी त्यांना म्हणाले, हे जाहीरपणे सांगायला हवं. तेही तेच म्हणत होते. त्यांचा मनसुबा पक्का होता: मुलाखतीत प्रश्न यावा, ते सगळं कबूल करतील, आणि लगेच हुपरीकरांच्या नावानं कामगार-सुरक्षेचा वार्षिक पुरस्कार जाहीर होईल. दिवसही त्यांनीच निवडला होता, क्षमावाणीचा. दशलक्षण पर्व संपलं, की जैन घरांतून वर्षभराच्या चुकांबद्दल ज्याची त्याची क्षमा मागतात, तो दिवस. भूपालराव धर्माचे पक्के होते. सूर्यास्तानंतर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतल्याचं मी पाहिलं नाही. ढोंग ते करत नव्हते, हे मला आजही मान्य करावं लागतं. अपराध त्यांना खरोखर खात होता. फक्त तो उतरवायला त्यांना चांगली जागा हवी होती, आणि सभागृहाचं आरक्षण झालेलं होतं.

मग आम्ही ती कबुली लिहिली. होय, आम्ही. ते बोलत, मी वाक्यं नीट करत असे. "माझ्यामुळे" हा शब्द त्यांच्या तिसऱ्या वाक्यात येत होता. मी तो पहिल्या वाक्यात आणला. "देवाची इच्छा" काढून टाकली. जिथं त्यांचा आवाज भरून येई तिथं वाक्य लहान ठेवलं. चौथ्या वाचनाला त्यांचे डोळे बरोबर त्याच जागी पाणावले आणि मला, अध्यापिकेला, विद्यार्थी तयार झाल्याचं समाधान वाटलं.

यातलं बरंचसं मी खानावळीत विश्रामरावांना सांगितलं. वाक्यांची दुरुस्ती तेवढी सांगितली नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली. "हुपरीकरांचं घर कुठं?"

"शाळा नंबर आठच्या मागं. त्यांच्या पत्नी तिथं शिकवत. सुमतीबाई. एकट्याच असतात."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"मी गेले नाही."

"वर्षभर?"

ग्रंथ कारखान्याचा होता, कुटुंबाचा नव्हता, असं काहीतरी मी म्हणाले. ते उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. मग त्यांनी पैसे दिले. ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्या घरचं मीठ खायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यापायी भूपालरावांच्या बंगल्यावर पुरणपोळी थंड होत होती आणि सूनबाईंनी दोनदा फोन केला होता. विश्रामराव रिक्षात बसून शाळा नंबर आठकडे गेले. मी घरी गेले. सोबत येऊ का, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं होतं, पण मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. ऊन अजून कलायचं होतं. व्यासपीठावर दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचे पेले, आणि उजव्या कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर एक फलक, त्यावर लाल कापड. त्याखाली पुरस्काराचं नाव होतं. पहिल्या रांगेत माझ्याशेजारच्या खुर्चीवर "श्रीमती हुपरीकर" अशी चिठ्ठी चिकटवली होती. खुर्ची रिकामी होती. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्रात "उद्योगमहर्षी" हा शब्द दोनदा आला, आणि मग मुलाखत सुरू झाली.

ती कशी झाली, हे आता सांगण्यात मला अडचण आहे. कारण मी तोवर ऐकलेली ती सर्वांत उत्तम मुलाखत होती, आणि ऐकताना मी संतापानं थंड होत गेले. विश्रामरावांच्या हातात कागद नव्हता. बाकीचे लोक उद्योगपतींना दूरदृष्टी विचारतात. त्यांनी विचारलं, पहिली भट्टी पेटली तेव्हा काडी कुणी लावली. भूपालराव गोंधळले. यशाची गोष्ट त्यांना पाठ होती, काडीची नव्हती. मग आठवलं: आईनं. भावजयीच्या बांगड्या मोडून घेतलेली भट्टी, आणि मुहूर्तावर वीज गेलेली. आईनं कंदिलावर कागद पेटवून तो कोळशात टाकला. सभागृहाला हे नवं होतं. भूपालरावांच्या मुलालाही नवं होतं, तो पुढे सरकून बसला.

"काही ओतकामं बिघडली पण," भूपालराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यातलं एक असं, की..."

"ते राहू द्या. पहिलं काय ओतलं ते सांगा."

उसाच्या चरकाचं दातेरी चाक. गावाकडच्या एका गुऱ्हाळवाल्यानं ते परत आणलं होतं, एक दात कमी म्हणून. लोक हसले. मी हसले नाही. वाट योग्य वळणावर आली होती आणि वाटाड्यानं गाडी पुढे काढली होती. चुकून झालं असेल, असं मी धरून चालले.

मग भीतीचा विषय निघाला. विश्रामरावांनी विचारलं, इतक्या वर्षांत कुणाला घाबरलात.

"एका माणसाच्या आठवणीला," भूपालराव म्हणाले.

हे आमच्या मसुद्यातलं नव्हतं; हे त्यांचं स्वतःचं होतं आणि म्हणून जास्त चांगलं होतं. विश्रामराव झुकले. ते थांबले, आणि असे थांबले की मागच्या रांगेतला पंखा ऐकू आला. आता एक शब्द पुरला असता. "कोणाच्या?" एवढाच.

"आठवणी पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "जिवंत माणूस सांगा."

भूपालरावांचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग ते म्हणाले, "बँकेचे मॅनेजर." हशा पिकला. पहिल्या रांगेत तो मॅनेजर बसला होता, त्यानं उठून नमस्कारही केला.

तेव्हा मला कळलं, की हे ठरवून चाललं आहे. मी हिशेब मांडला. हा माणूस काल हुपरीकरांकडे जातो म्हणाला. तिथून कुठं गेला असेल? कारखान्याचे वकील, मोठा मुलगा, कुणीतरी गाठलं असणार. निर्भीड मुलाखतकार म्हणून ज्याची पुस्तकं मी विद्यार्थ्यांना वाचायला लावली तोसुद्धा अखेर गाडीभाड्यात विकला जाणारा निघाला. मी मनात वाक्यं रचत होते, चांगली बोचरी, संदर्भांसह. कागद असता तर लिहून ठेवली असती.

भूपालरावांची अवस्था मात्र पाहवत नव्हती. त्यांना चांगले प्रश्न येत होते आणि ते चांगली उत्तरं देत होते. टाळ्या पडत होत्या. पण माणूस आत एक ओझं घेऊन दारात उभा असावा आणि यजमानानं पाहुणचार थांबवूच नये, तसं त्यांचं झालं होतं. त्यांची नजर दोनदा लाल कापडाकडे जाऊन आली. शेवटी, सांगतेची वेळ आली तेव्हा, त्यांनी स्वतःच हात पुढे केला.

"विश्रामराव, तुम्ही सगळं विचारलंत. माझी चूक मात्र विचारली नाहीत."

काय टाळ्या पडल्या. लोकांना तो विनय वाटला. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःची चूक विचारा म्हणतो. विश्रामरावांनी टाळ्या पूर्ण संपू दिल्या. त्यांचा उजवा कान सभागृहाकडे होता. टाळ्यांचं मोजमाप चालावं तसा.

"नाही विचारली," ते म्हणाले. मग त्यांनी श्रोत्यांना नमस्कार केला आणि उठले.

फलक झाकलेलाच राहिला. सूत्रसंचालिका कागद चाळत होती, तिच्या यादीत अनावरण होतं आणि त्याआधीचं वाक्य कुणी बोललंच नव्हतं. तिनं राष्ट्रगीत घेतलं.

व्यासपीठामागच्या खोलीत मी विश्रामरावांना गाठलं. ते शाल काढून खुर्चीवर ठेवत होते. मी रचलेलं सगळं विसरले आणि बाजारातल्यासारखं विचारलं, "तुम्हाला गप्प कुणी केलं?"

"हुपरीकर बाईंनी."

दारात भूपालराव उभे होते. ते माझ्यामागून आले होते हे मला कळलं नव्हतं. चेहरा घामानं ओला, गळ्यात हार तसाच.

"तो प्रश्न राहिला, विश्रामराव," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता; विसरलेली छत्री दाखवावी तसं म्हणाले.

"राहिला नाही. मी ठेवलाय. बसा."

मग त्यांनी सांगितलं. सुमतीबाईंनी त्यांना चहा दिला होता. मालक उद्या तुमच्या यजमानांविषयी बोलणार आहेत, असं विश्रामरावांनी सांगितलं. काय बोलणार ते सांगितलं नाही. बाईंनीही ते विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "टाळ्या वाजतील ना?" विश्रामराव म्हणाले, वाजतील. "मग नको," त्या म्हणाल्या. आणि कपाट उघडून त्यांनी एक कार्ड आणून पुढे ठेवलं. क्षमावाणीचं, कारखान्याच्या नावाचं, छापील. गेल्या वर्षात आमच्याकडून जाणता-अजाणता काही चूक घडली असल्यास उत्तम क्षमा असावी. ऑफिसातून गावभर जातं, त्यांनाही येतं. पत्ता छापखान्यातच चिकटवलेला असतो. नवरा गेला त्या वर्षीही आलं होतं.

"म्हणाल्या," विश्रामराव भूपालरावांकडे झुकून बोलत होते, "यातलं जाणता कुठलं आणि अजाणता कुठलं, ते एकदा विचारा त्यांना. पण सभेत नका विचारू. खोटं फाटकावर बोलले, तिन्ही पाळ्यांना. खरंही तिथंच बोलू द्या."

भूपालरावांनी हार काढला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"फाटकावर आता कोण ओळखतं हुपरीकरांना?" ते म्हणाले. "सगळी ठेक्याची पोरं. बिहारची, ओडिशाची. मराठीसुद्धा येत नाही अर्ध्यांना. इथं निदान..."

"इथं निदान काय?"

भूपालरावांनी हार खुर्चीवरच्या शालीवर ठेवला.

"इथं निदान तुम्हाला कुणीतरी माफ केलं असतं," विश्रामराव म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती. "सातशे माणसांनी. ज्यांचं काहीच गेलं नाही त्यांनी. मी तेच विकतो मालक, चाळीस वर्षं. पण काल चहा पिऊन आलो, म्हणून आज दुकान बंद ठेवलं."

मी भिंतीला टेकून उभी होते. भूपालरावांनी माझ्याकडे पाहिलं, पाठ विसरलेला विद्यार्थी बघतो तसं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकही दुरुस्ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला आम्ही तिघं फाटकावर गेलो. रात्रपाळी सुटत होती आणि पहिली आत जात होती; डबे, सायकली, मोबाइलवरची गाणी. सुरक्षारक्षकानं मालकांना पाहून खुर्ची आणली, ती विश्रामरावांनी परत पाठवली. माइक नव्हता. मालक उभे आहेत म्हणून लोक थबकले, पन्नास-साठ असतील. भूपालरावांनी खिशातून कागद काढला. तो माझ्या अक्षरातला होता. विश्रामरावांनी हात पुढे केला आणि भूपालरावांनी कागद त्यांना देऊन टाकला.

मग विश्रामरावांनी उजवा कान त्यांच्याकडे केला आणि विचारलं, "त्या सकाळी हुपरीकर तुम्हाला काय म्हणाले?"

किती साधा प्रश्न होता. वर्षभरात तो मला सुचला नव्हता. मी त्यांना काय वाटलं ते विचारलं होतं, काय शिकायला मिळालं ते विचारलं होतं.

"म्हणाले..." भूपालरावांनी भट्टीखात्याकडे पाहिलं. "म्हणाले, मालक, लॅडल ओलं आहे. थोडा वेळ जाळ द्यायला पाहिजे."

"तुम्ही काय म्हणालात?"

मी वाट पाहत होते, "माझ्यामुळे"ची. इथं त्यांचे डोळे पाणावायचे होते. तसं काही झालं नाही. चेहरा कोरडा होता, भाजलेल्या मातीसारखा.

"ओता."

"आणि फाटकावर काय म्हणालात?"

"हुपरीकरांनी तपासलं नाही, म्हणालो."

रक्षकानं सवयीनं टाळी वाजवायला हात उचलले, ते विश्रामरावांनी खाली केले. मागून कुणीतरी विचारलं, क्या बोले? एका पोरानं खांदे उडवले. भट्टीखात्यातला एक उंच माणूस पुढे आला. भुवया भाजून विरळ झालेला तो माणूस भूपालरावांकडे बघत होता, अदबीनं, पण हलत नव्हता. त्याला रोज लॅडलसमोर उभं राहायचं होतं. म्हणून मग भूपालरावांना ते पुन्हा सांगावं लागलं, मोडक्या हिंदीत, जिच्यात मी काही नीट करू शकले नसते.

"उसने बोला था, गीला है। मैंने बोला, डालो। दो आदमी मर गया। मैंने बोला, गलती उसका था। उसका नहीं था।"

उंच माणसानं मान हलवली. समजलं, अशी. माफ केलं, अशी नव्हे. भोंगा झाला आणि सगळे आत गेले.

दुपारच्या पाळीच्या वेळी विश्रामराव नव्हते. त्यांची परतीची गाडी होती. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "विशेषणं नका लावू." म्हणून दुपारी तो प्रश्न मी विचारला. वाटलं होतं त्याहून कठीण गेलं. "त्या दुर्दैवी सकाळी" असं जिभेवर आलं होतं. ते गिळून विचारलं, हुपरीकर तुम्हाला काय म्हणाले. तिसऱ्या पाळीला भूपालराव मला येऊ नका म्हणाले. ते गेले होते, हे मला रक्षकाकडून कळलं. विचारणारं कुणी नव्हतं, तरी उत्तर दिलं, असं तो म्हणाला.

दोन दिवसांनी मी शाळा नंबर आठच्या मागं गेले. सुमती हुपरीकर अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. बारीक चणीच्या, पाठ ताठ असलेल्या. मी नाव सांगितलं.

"माहीत आहे. तुम्ही ते पुस्तक लिहिता. वर्षभर या रस्त्यानं जाताना दिसत होतात."

मी उभीच राहिले. त्यांनी बसा म्हटलं नाही आणि जा असंही नाही. मग मी फाटकावरचं सगळं सांगितलं, जसंच्या तसं, हिंदीसकट. त्या तांब्या हातात धरून ऐकत होत्या.

"ते घरी दूध तापवायचं पातेलंसुद्धा आधी पुसून घ्यायचे," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगायला नको होतं. महिपतीच्या आईला सांगायला हवं होतं."

त्यांना बाजारात जायचं होतं. मी सोबत निघाले. बाजाराला जवळची वाट कोपऱ्यावरच्या बोळातून आहे. त्या कोपऱ्यावर त्यांची पावलं आपोआप उजवीकडे, मोठ्या रस्त्याकडे वळली. लांबून जाणाऱ्या त्या रस्त्यानं मी त्यांना वर्षभर जाताना पाहिलं होतं आणि व्यायाम करत असतील असं समजले होते. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. मागे फिरल्या. बोळात शिरल्या.

मधोमध एक बुटकं दार होतं, निळा रंग उडालेला. त्याला कुलूप होतं, आणि कुलपावर इतका गंज, की ते अनेक पावसाळे उघडलं नसावं.

"महिपतीची म्हातारी जाऊन झाली किती वर्षं," सुमतीबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत मी समोर आले की पदर ओढून घ्यायची."

त्या दारासमोर उभ्या राहिल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा स्वच्छ आवाजात, त्या कुलपाला म्हणाल्या, "ते म्हणाले होते, ओलं आहे."

आतून कुणी काही विचारलं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, आणि मग आम्ही बाजाराकडे गेलो.